दुसरा विषाणू

१९९१ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात हेल्गा रुब्सामेन-वाइगमन या जर्मन संशोधिका आणि त्यांचे मुंबईतील सहकारी यांचे एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध झाले, आणि तोपर्यंत पश्चिम आफ्रिकेचा किनारा व पोर्तुगाल यांच्यापुरताच मर्यादित समजला जाणारा एच.आय.व्ही.-२ हा विषाणू हिंदुस्थानात केवळ शिरलाच नसून पसरूही लागला आहे, हे वैद्यकीय जगाला कळले. पुढे तीन वर्षांनी महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांतील रक्तनमुन्यांविषयी जो निबंध आला, त्यात याहून चमत्कारिक गोष्ट नमूद होती: एच.आय.व्ही.-२ चे प्रमाण लक्षणीय होतेच, पण कित्येक नमुने असे होते की जे एच.आय.व्ही.-१ आणि एच.आय.व्ही.-२ या दोहोंच्याही परीक्षेत होकार देत होते. देशातील एच.आय.व्ही.च्या लागणीची पहिली नोंद डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकाराने मद्रासेत १९८६ साली झाली होती. म्हणजे पहिल्या विषाणूची ओळख पटून पुरती पाच-सहा वर्षेही लोटली नव्हती, तोच दुसरा हजर झाला होता.

सर्वसामान्य वाचकाच्या मनात एच.आय.व्ही. म्हणजे एकच एक विषाणू, त्याची तपासणी म्हणजे होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर, आणि त्यावरील इलाज म्हणजे सरकारी ए.आर.टी. (विषाणूरोधक उपचार) केंद्रातून मिळणारी गोळी, इतकेच चित्र असते. आणि बहुतेकांच्या बाबतीत व्यवहाराला ते पुरतेही. परंतु ज्यांच्या रक्तात एच.आय.व्ही.च्या जोडीला त्याच कुळातला आणखी एखादा विषाणू ठाण मांडून बसलेला असतो, त्यांच्या बाबतीत हे चित्र फसवे ठरते. प्रयोगशाळेच्या कागदावर आलेला आकडा खोटा नसतो. यंत्र बिघडलेले नसते, तंत्रज्ञाने हयगय केलेली नसते. तो आकडा एकाच विषाणूला गृहीत धरून वाचायचा असा शिरस्ता पडलेला असतो, आणि दुसरा विषाणू उपस्थित असताना त्याच आकड्याचा अर्थ पालटतो, एवढीच काय ती गोम.

या कुळाला रेट्रोव्हायरस म्हणतात. कोंबडीच्या अंगावरील गाठीतून गाळून काढलेला द्रव दुसऱ्या कोंबडीला टोचला असता तिलाही तसेच अर्बुद होते, हे पेटन राउस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९११ साली दाखवून दिले. त्याचे मोल जगाला पटून त्यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास मात्र १९६६ साल उजाडावे लागले. सजीवांच्या पेशीत माहितीचा ओघ डी.एन.ए.कडून आर.एन.ए.कडे वाहतो, हा जो सामान्य नियम, त्याच्या उलट दिशेने काम करणारे एक विकर या विषाणूंजवळ असते, असा शोध १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे लावला. पेशीच्या केंद्रकातील डी.एन.ए. हे जर त्या पेशीचे दप्तर मानले, तर हे विषाणू आपला बनावट दस्तऐवज मूळच्या पानांतच असा बेमालूम शिवून टाकतात की, पुढे त्या दप्तराची जितक्या वेळा नक्कल निघेल तितक्या वेळा तो मजकूरही तिच्यात आपोआप उतरावा. एकदा शिवलेले पान उसवून काढण्याची युक्ती रोजच्या उपचारात अद्याप उपलब्ध नाही, आणि म्हणूनच एच.आय.व्ही.चे औषध जन्मभर घ्यावे लागते.

माणसाला ग्रासणारे या कुळातले चार प्रमुख विषाणू अवघ्या सहा-सात वर्षांत उजेडात आले. जपानमध्ये कियोशी ताकात्सुकी यांनी १९७७ साली प्रौढांना होणाऱ्या एका निराळ्या रक्तकर्करोगाचे वर्णन केले होते, आणि त्या रोगाला कारण होणारा एच.टी.एल.व्ही.-१ हा विषाणू अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने १९८० साली जाहीर केला. त्याचा भाऊबंद एच.टी.एल.व्ही.-२ हा १९८२ साली त्याच प्रयोगशाळेतून पुढे आला. त्या निबंधावर पहिले नाव व्ही. एस. कल्याणरमण यांचे आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांच्या गटाने एड्सचा विषाणू वेगळा काढला, आणि १९८६ साली त्याच संस्थेने लिस्बनमधील पोर्तुगीज डॉक्टरांच्या सहकार्याने, पश्चिम आफ्रिकेतून तेथे आलेल्या रुग्णांच्या रक्तात, एच.आय.व्ही.-२ चा छडा लावला.

या दोन एच.आय.व्ही.मधील नाते नावावरून वाटते तितके निकटचे नाही. पहिला चिंपांझीकडून मनुष्यात आला, तर दुसरा सूटी मँगबी नावाच्या पश्चिम आफ्रिकी माकडाकडून. दोघांच्या जनुकीय मजकुराचा जवळजवळ निम्मा भाग परस्परांशी जुळत नाही. दुसऱ्याचा स्वभाव त्या मानाने सौम्य: रक्तातील त्याची संख्या कमी राहते, रोग सावकाश बळावतो, आणि मातेकडून बालकाकडे जाण्याची त्याची शक्ती तर फारच तोकडी. गांबियातील एका अभ्यासात, औषधोपचार नसताना, एच.आय.व्ही.-१ असलेल्या मातांच्या शंभर बालकांमागे सुमारे २४ बालकांना लागण झाली, तर एच.आय.व्ही.-२ असलेल्या मातांच्या बाबतीत तो आकडा ४ च्या आसपास होता. सौम्य म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये; एच.आय.व्ही.-२ नेही एड्स होतो, आणि झाल्यावर तो पहिल्याइतकाच निर्दय असतो.

हा विषाणू आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कसा आला, हा प्रश्न विचारला की गोव्यामुळे पोर्तुगालचे नाव ओघानेच येते. गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, अंगोला, मोझांबिक, लिस्बन, आणि मग गोवा व मुंबई अशी साखळी नकाशावर इतकी सुरेख दिसते की तिच्यावर विश्वास ठेवण्याचा मोह पडावा. आपल्याकडे आढळणारा विषाणूही गिनी-बिसाऊत प्रबळ असलेल्या ‘अ’ गटाचाच आहे. पण तारखा तपासल्या तर सावध व्हावे लागते. जनुकीय गणितावरून त्या गटाने माणसात प्रवेश केल्याचा काळ १९४० च्या आगेमागे येतो, आणि त्याचा गिनी-बिसाऊतील झपाट्याचा प्रसार १९५५ ते १९७० या अवधीत, म्हणजे पुष्कळ अंशी १९६३ साली तोंड लागलेल्या तेथील स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, झालेला दिसतो. त्या युद्धाचा बार उडाला तेव्हा गोवा मुक्त होऊन वर्ष उलटून गेले होते. तेव्हा पोर्तुगीज अंमलाच्या गलबतातूनच विषाणू मांडवीच्या मुखाशी उतरला, असे चित्र कोणी रंगवू लागला तर त्याने थोडे थांबावे. अंमल संपला म्हणून माणसांची ये-जा संपत नाही. मोझांबिकमध्ये आणि लिस्बनमध्ये गोमंतकीयांची घराणी होतीच, आणि मुंबईसारख्या बंदरात तर साऱ्या मुलखांचे खलाशी उतरत होते.

आता त्या दुहेरी होकार देणाऱ्या नमुन्यांकडे वळू. रक्तपेढीत किंवा आय.सी.टी.सी. या समुपदेशन व तपासणी केंद्रात जी प्राथमिक तपासणी होते, ती बहुधा विषाणूची नसून शरीराने विषाणूविरुद्ध उभारलेल्या प्रतिपिंडांची असते, आणि दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या पट्टीवरही खूण उमटवू शकतात. यास्तव ज्यांच्या पट्टीवर दोन्ही रेषा उमटल्या, त्या सर्वांच्या देहात दोन्ही विषाणू असतातच असे नाही. पुढे जनुकीय तपासणीने रुजवात घेतली असता त्यांतील बरेचसे एकट्या एच.आय.व्ही.-१ चेच धनी निघतात, काही एकट्या एच.आय.व्ही.-२ चे, आणि उरलेले खरोखर दोहोंचे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात अशा नमुन्यांची फेरतपासणी करण्यासाठी स्वतंत्र निर्देशक प्रयोगशाळांची तजवीज आहे, आणि पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने स्थापन झालेल्या संस्थेचा या कामात वाटा मोठा आहे. आपल्या उपचार-कार्डावर ‘१’, ‘२’ की ‘१ आणि २’ यांपैकी काय लिहिले आहे, हे रुग्णाने स्वतः पाहून घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण इथून पुढची सारी मसलत त्या एका अंकावर अवलंबून असते.

ती कशी, हे नेविरापिनच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत ए.आर.टी. सुरू केली, तेव्हा प्रथम द्यावयाच्या तीन औषधांच्या संयोगात नेविरापिनचे स्थान मोठे होते. हे औषध विषाणूच्या त्या उलटे लेखन करणाऱ्या विकराच्या एका खोबणीत जाऊन अडकते आणि त्याचे काम बंद पाडते. एच.आय.व्ही.-२ च्या विकरात ही खोबण निराळ्या घडणीची आहे. त्यामुळे नेविरापिन काय किंवा एफाव्हिरेंझ काय, यांना तो विषाणू जन्मतःच दाद देत नाही. ज्याच्या देहात दोन्ही विषाणू आहेत अशा माणसाला तीन औषधांचा हा संयोग दिला, की पहिल्या विषाणूपुढे तीन शत्रू उभे राहतात आणि दुसऱ्यापुढे दोनच. आणि अपुऱ्या औषधाखाली वाढणाऱ्या विषाणूला प्रतिकार शिकायला वेळ लागत नाही. पहिला दबतो, दुसरा उरलेल्या दोन औषधांनाही हळूहळू जुमानेनासा होतो.

आणि खरी फसगत यापुढची आहे. औषध लागू पडते की नाही हे पाहण्यासाठी ‘व्हायरल लोड’, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, मोजतात. पण प्रचलित यंत्रे एच.आय.व्ही.-१ चाच मजकूर ओळखण्यासाठी बनवलेली असल्यामुळे एच.आय.व्ही.-२ त्यांना दिसतच नाही. म्हणजे रुग्णाच्या हाती ‘विषाणू आढळला नाही’ असा शेरा पडतो, तो आनंदाने घरी जातो, आणि सहा महिन्यांनी त्याच्या सीडी-फोर, म्हणजे रोगप्रतिकाराच्या, पेशी घसरलेल्या निघतात. अशा वेळी गोळ्या चुकवल्याचा आळ त्याच्यावर येणे अगदी स्वाभाविक असते. समुपदेशक त्याला पुन्हा पुन्हा नियमितपणाचे पाठ देतो, आणि ज्याने एकही दिवस चुकवलेला नाही असा माणूस मान खाली घालून ते ऐकून घेतो. या अन्यायाची गणना कोणत्याही आकडेवारीत होत नाही.

एच.आय.व्ही.-२ असलेल्यांसाठी प्रोटिएझ या विषाणूच्याच एका विकराला अटकाव करणारी, लोपिनाव्हिरसारखी, औषधे नेमून देण्यात आली, आणि अलीकडे डोल्युटेग्राव्हिर हे औषध पहिल्या रांगेत आल्यापासून तर हा पेच पुष्कळ सैल झाला आहे, कारण विषाणूचा मजकूर दप्तरात शिवण्याचे काम करणाऱ्या विकरावर ते घाव घालते आणि दोन्ही विषाणूंवर सारखे चालते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी घेणाऱ्या माणसाच्या कार्डावरचा अंक चुकला तरी पूर्वीइतकी हानी होणार नाही. व्हायरल लोडचा आंधळेपणा मात्र तसाच राहिला आहे.

दुसरा, सौम्य विषाणू आधीच अंगात असला तर तो पहिल्याला थोपवतो काय, अशी एक आशा मध्यंतरी पुष्कळांना वाटली. सेनेगलमधील १९९५ सालच्या एका अभ्यासाने तसे सुचवले होते. गांबिया आणि गिनी-बिसाऊ येथील निरीक्षणांनी त्याला दुजोरा दिला नाही. पुढे बिसाऊ शहरातील पोलीस शिपायांचा जो गट १९९० पासून वर्षानुवर्षे तपासला जात होता, त्याच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निराळीच गोष्ट दिसली: लागण टळत नव्हती, पण दोन्ही विषाणू असलेल्यांना एड्सपर्यंत पोहोचायला मध्यमानाने १०४ महिने लागले, तर एकट्या एच.आय.व्ही.-१ वाल्यांना ६८. औषधे हाताशी असलेल्या आजच्या काळात या छत्तीस महिन्यांचा रुग्णाला उपयोग नाही. लस शोधणाऱ्यांना मात्र त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

त्याच बिसाऊ शहरात तिसराही भाऊबंद वावरतो, आणि त्याची गोष्ट माझ्या मते याहून विलक्षण आहे. एच.टी.एल.व्ही.-१ ची लागण जगात किमान ५० लाख ते १ कोटी लोकांना असावी असा अंदाज आहे. जपानचा नैर्ऋत्य भाग, कॅरिबियन बेटे, ब्राझील, पेरू, पश्चिम व मध्य आफ्रिका, इराणातील मशहद ही त्याची ठाणी. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या काही वस्त्यांत तर प्रौढांपैकी शेकडा ४० हून अधिक जणांत तो आढळला आहे. लागण झालेल्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक लोकांना जन्मभर काहीही होत नाही. उरलेल्यांपैकी काहींना पूर्वी सांगितलेला रक्तकर्करोग होतो, आणि काहींच्या मज्जारज्जूला सूज येऊन पाय ताठत जातात व लघवीवरचा ताबा सुटतो. या दुसऱ्या व्याधीचा संबंध या विषाणूशी असल्याचे मार्टिनिक बेटावर १९८५ साली आणि जपानात त्यापुढच्याच वर्षी लक्षात आले.

एच.आय.व्ही. आणि एच.टी.एल.व्ही.-१ या दोघांचेही लक्ष्य एकच, ते म्हणजे सीडी-फोर पेशी. पण त्यांचे वर्तन परस्परविरुद्ध. एच.आय.व्ही. त्या पेशींचा संहार करतो. एच.टी.एल.व्ही.-१ त्यांना जगवतो आणि वाढवतो, कारण नवे विषाणू तयार करून रक्तात सोडण्यापेक्षा, ज्या पेशीच्या दप्तरात आपला मजकूर एकदा शिरला त्या पेशीच्याच नकला काढवून घेण्यावर त्याची भिस्त असते. आता ज्याच्या अंगी हे दोघेही आहेत त्याचे रक्त तपासा: एकाने मारलेल्या पेशींची जागा दुसऱ्याने वाढवलेल्या पेशींनी भरून काढलेली असते, आणि सीडी-फोरचा आकडा समाधानकारक येतो. रिओ द जानेरोच्या संशोधकांनी १९९४ साली हेच दाखवून दिले की, दोन्ही विषाणू असलेल्या रुग्णांचे सीडी-फोर आकडे इतर एच.आय.व्ही. रुग्णांपेक्षा वरचढ होते आणि आजार मात्र पुढच्या पायरीवर गेलेला होता. त्या पेशी मोजता येत होत्या. लढू शकत नव्हत्या.

या आकड्यावर एके काळी केवढे अवलंबून होते हे आठवावे. आपल्याकडे २००४ साली सीडी-फोर २०० च्या खाली गेल्याखेरीज सामान्यतः औषध सुरू होत नसे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर सरकली, आणि निदान होताच उपचार हे धोरण भारताने २०१७ साली स्वीकारले. ब्राझीलमध्येही जुन्या काळी अशीच मर्यादा होती. तेथील बाहिया प्रांताची राजधानी साल्व्हादोर हे एच.टी.एल.व्ही.-१ चे मोठेच ठाणे, सर्वसाधारण लोकसंख्येतच शेकडा पावणेदोन प्रमाण, त्यात एच.आय.व्ही.ची साथ सुया टोचून अमली द्रव्ये घेणाऱ्यांतून शिरली, आणि एकाच सुईतून दोन्ही विषाणू जाऊ लागले. दोन्ही असलेल्यांचे आयुर्मान तेथे कमी भरले. त्यांच्या त्वचेवर जाड खपल्या धरणारी भयंकर खरूज दिसू लागली, आणि स्ट्राँगिलॉइडिस नावाचा आतड्यातला बारीक जंत, जो धडधाकट माणसाच्या पोटात निमूटपणे वर्षानुवर्षे पडून राहतो, तो आतड्याची भिंत ओलांडून फुप्फुसांपर्यंत पोहोचू लागला. आयव्हरमेक्टिनसारख्या स्वस्त औषधाने हा जंत जातो. पण त्यासाठी आधी तो आहे अशी शंका कोणाला तरी यावी लागते, आणि सीडी-फोर पाचशे असलेल्या रुग्णाविषयी ती कोणाला येणार? पाय ताठू लागले तरी तोच प्रकार: एच.आय.व्ही. स्वतःही मज्जारज्जू पोखरू शकत असल्याने सारा दोष त्याच्या माथी मारला जातो आणि चौकशी तेथेच आटोपते.

उपचाराच्या बाजूनेही एच.टी.एल.व्ही.-१ हट्टी आहे. एच.आय.व्ही.ची बहुतेक औषधे त्या उलट्या लेखनावर किंवा नव्या विषाणूंच्या जडणघडणीवर प्रहार करतात. आणि हा तर एकदा लिहून झाल्यावर लेखणी जवळजवळ खालीच ठेवतो व पेशीच्या विभाजनावर आपला संसार चालवतो. म्हणून उत्तम ए.आर.टी. चालू असलेल्या माणसातही एच.टी.एल.व्ही.-१ चे प्रमाण फारसे हलत नाही. एच.टी.एल.व्ही.-२ हा अमेरिका खंडातील आदिवासींत आणि पुढे सुया वापरणाऱ्यांत पसरलेला विषाणू त्या मानाने निरुपद्रवी; किंबहुना तो सोबत असता एच.आय.व्ही.ची चाल मंदावते, असे काही अभ्यास सांगतात. भारतात एच.टी.एल.व्ही. विरळा आहे आणि आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी बंधनकारक नाही. जपानने ती १९८६ साली सुरू केली, ब्राझीलने १९९३ साली.

औषध नसले तरी अटकाव करता येतो, हे जपानने दाखवले. एच.टी.एल.व्ही.-१ चा मातेकडून बालकाकडे जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दीर्घकाळचे स्तन्यपान. दुधातील पेशींवाटे तो जातो. नागासाकी प्रांताने १९८७ पासून गरोदर स्त्रियांची तपासणी करून, लागण असलेल्या मातांना बालकास वरचे दूध देण्याचा सल्ला दिला, आणि शंभरांत सुमारे वीस बालकांना होणारी लागण दोन-तीनांवर आली. २०११ पासून अशी तपासणी साऱ्या जपानभर होते. एच.आय.व्ही.च्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला नेमका उलट आहे: स्वच्छ पाणी आणि दुधाची भुकटी यांची शाश्वती नसलेल्या देशांत, माता नियमाने औषध घेत असेल तर तिने सहा महिने केवळ अंगावरच पाजावे आणि त्यानंतरही वर्ष-दोन वर्षे पाजणे चालू ठेवावे, कारण औषध दुधातल्या एच.आय.व्ही.ला आवरते आणि वरच्या दुधाने होणारे जुलाब बालकाचा जीव घेतात. साल्व्हादोरमध्ये, लिमात किंवा बिसाऊत एखाद्या बाईच्या अंगी दोन्ही विषाणू असतात, तेव्हा तिच्या एका कागदावर पाज असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर पाजू नकोस असे. ब्राझील सरकार एच.आय.व्ही. असलेल्या मातांना बालकासाठी वरचे दूध मोफत पुरवते, त्यामुळे साल्व्हादोरच्या मातेपुढचा हा पेच आपोआप सुटतो. बिसाऊत दुसरा कागद बहुधा लिहिलाच जात नाही, कारण ती तपासणीच होत नाही.